कोयता घरी ठेवून या

(मोर्चाच्या आदल्या रात्री मानखुर्दला मुक्कामी असलेल्या गावकऱ्यांपुढे झालेले बोलणे. पाड्यावर वाचून दाखवावे.)

बायांनो, भावांनो, भाकरी खाऊन झाली असेल तर जरा जवळ सरका. उद्या आझाद मैदानावर जायचं आहे. त्याआधी कोयत्याबद्दल बोलायचं आहे.

मागच्या खेपेला आमचा टेंपो वाशीच्या खाडीचा पूल ओलांडून मुंबईत शिरला आणि अडवला गेला. तांदळाच्या गोणीखाली चार कोयते आणि एक कुऱ्हाड निघाली. मोर्चासाठी कुणी आणली नव्हती. लाकडं तोडून माणसं तशीच गाडीत चढली होती. बसताना आकडीतला कोयता टोचतो म्हणून गोणीखाली सारला. साहेबाने विचारलं, "कामाचा आहे तर लपवला कशाला?" आम्ही गप्प. दुपारपर्यंत बसून राहिलो. मोर्चा निघून गेला आणि दळीच्या जमिनीचे अर्ज आमच्याच पिशवीत राहिले.

तेव्हा राग आला. मग वकिलांकडे बसून कायदा समजून घेतला. कळलं ते असं, की कोयता एकच, पण कायदे तीन, आणि तिघांचं बोलणं वेगवेगळं.

पहिला, 1959 चा शस्त्र कायदा. तलवार, भाला, खंजीर ही शस्त्रं. पण फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली वस्तू शस्त्र नाही, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे आपला कोयता, विळा हे अवजार आहे. गावात कुणी नुसता कोयता बघून "हत्यार बाळगतोस" म्हणून दम दिला, तर हे सांगायचं. घाबरायचं नाय.

दुसरा, 1951 चा महाराष्ट्र पोलीस कायदा, कलम 37. शांततेसाठी पोलीस आयुक्त किंवा जिल्ह्याचे दंडाधिकारी हुकूम काढू शकतात. त्या हुकुमात बंदूक, तलवार, सुरी तर येतेच, पण काठी, लाठी आणि ज्याने माणसाला इजा होईल अशी कोणतीही वस्तू येते. मारायला गोळा केलेले दगडसुद्धा येतात. तिथे अवजार की हत्यार हा वाद चालत नाही. हुकूम मोडला तर कलम 135 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुंबईत असे हुकूम वरचेवर निघतात. म्हणून पूल ओलांडला की आपला कोयता आपल्याच अंगावर येतो.

तिसरा, 1972 चा वन्यजीव कायदा. यात तिरकामठा, जाळं, फास, गळ, सुरी सगळं हत्यारच. अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय हत्यार घेऊन जाता येत नाही. पनवेलहून पेणला जाताना रस्ता कर्नाळ्याच्या अभयारण्यातून जातो, हे ध्यानात ठेवा. आणि शिकारीला वापरलेली गाडी सरकारजमा होते.

आता बंदुकीचं. पीक राखायला ठासणीची बंदूक ठेवता येते, पण परवाना लागतो. बिनपरवाना बंदूक गाडीत सापडली तर ज्याची त्याच्यावरच गुन्हा, असं समजू नका. शस्त्र कायद्याचं कलम 35 सांगतं, की गाडी अनेकांच्या ताब्यात असेल, तर बंदूक आहे हे ज्याला माहीत होतं असं मानायला कारण आहे, तो प्रत्येक जण गुन्हेगार धरला जातो. माहीत नव्हतं हे त्यानेच सिद्ध करायचं. एकाची लपवाछपवी, तीस माणसं कोर्टाच्या फेऱ्यात.

म्हणून आपण ठरवलं आहे ते असं:

1. गाडी पाड्यावरून निघण्याआधी दोन बाया आणि दोन गडी गोण्या, पिशव्या, सीटखाली बघतील. कुणी वाईट वाटून घेऊ नये.

2. कोयता, कुऱ्हाड, तिरकामठा, गोफण घरी. झेंड्याला जाड काठी नको.

3. पोलिसांनी थांबवलं तर पळू नका. बाईची झडती बाईच घेईल, हे शांतपणे सांगा.

4. काही जप्त केलं तर पंचनामा वाचून घ्या. शेतीचा कोयता असेल तर "शेतीचा कोयता" असंच लिहायला सांगा. कोऱ्या कागदावर अंगठा नाही.

5. अटक केली तर कारण विचारा, वकील मागा. 24 तासांच्या आत कोर्टापुढे उभं करावंच लागतं.

काही जण म्हणतात, कोयता ही आपली ओळख आहे, तो का सोडायचा? सोडायचा नाहीच. त्याच कोयत्याने आपल्या आजा-पणज्याने दळी साफ केली, राब भाजला. पण उद्या पेपरात "मोर्चेकऱ्यांकडे हत्यारं सापडली" एवढंच छापून आलं, तर जमिनीचं कोण विचारणार? त्यांना तेच हवं आहे. आपण ते आपल्या हाताने द्यायचं नाही.

आता झोपायच्या आधी आपापल्या पिशव्या एकदा झाडून बघा. कुणाकडे चुकून आलं असेल तर आत्ताच सांगा, कुणी रागावणार नाही. उद्या हातात अर्ज, सातबारा आणि दंडाच्या पावत्या. बस्स.

जिंदाबाद!