साखळीला बांधलेला राखणदार

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याला प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा आहे. त्याचं अकरावं कलम वाचत गेलं की मारहाण, उपासमार, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, असे गुन्हे ओळीने येतात. आपल्याला ते अपेक्षितच असतात. पण त्याच यादीत एक पोटकलम फक्त कुत्र्यासाठी आहे. जो कुत्रा कायम साखळीला बांधलेला किंवा कोंडलेला असतो, त्याला मालकाने पुरेसं फिरवलं नाही तर तोही गुन्हा. कुत्र्याला फिरायला नेणं ही ज्यांना रिकामटेकड्यांची हौस वाटते, त्यांनी हे पोटकलम एकदा वाचावं. या कायद्यातला दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये इतकाच, त्यामुळे त्याची भीती कुणालाच नाही. माझा मुद्दा दंडाचा नाही. कायद्याने ही बाब कुत्र्यावरच्या दयेपोटी लिहिली, ते बरोबरच झालं. पण ती तितकीच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सुरक्षिततेची बाब आहे, आणि ज्या राखणीसाठी आपण कुत्रा बांधतो त्या राखणीचीसुद्धा आहे, असं मला आज मांडायचं आहे.

नांदगावात आणि आसपासच्या मळ्यांमध्ये कुत्रा पाळतात तो बहुतेक राखणीला. शहरात बंगल्याच्या फाटकाशी आणि मळ्यात कांद्याच्या चाळीशेजारी तो बांधलेला असतो. त्याला फिरवावं म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं : रोज बाजारातून फिरवलेला कुत्रा माणसाळतो, मग चोरावर भुंकणार कोण? हा आक्षेप वरवर पटण्यासारखा आहे, पण राखण म्हणजे नेमकं काय हेच त्यात धरलेलं नाही. राखणदाराचं काम ओळखण्याचं असतं. रोजचा दूधवाला कोण, वाट चुकलेला वाटसरू कोण आणि अपरात्री कुंपणावरून उतरणारा कोण, यांतला फरक ज्याला कळतो तो राखणदार. ज्याने आयुष्यभर फाटक आणि समोरचे चार हात रस्ता एवढंच पाहिलं, त्याला मांजर, ट्रॅक्टर, शाळेतून येणारी पोरं आणि चोर सारखेच. तो सगळ्यांवर भुंकतो. महिन्याभरात घरचे त्याच्या भुंकण्याकडे कान देईनासे होतात, आणि राखण तिथेच संपते. उरतो तो धोका. गळपट्टा कधीतरी तुटतो, फाटक कधीतरी उघडं राहतं, आणि त्या वेळी रस्त्यावर चोर असण्यापेक्षा एखादं लहान मूल असण्याचा संभव फार जास्त. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून लोकांना इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला नव्या भारतीय न्याय संहितेच्या २९१व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तिथे ‘मी तर बांधूनच ठेवला होता’ हा बचाव फार टिकेलसं वाटत नाही.

कुत्र्याची ही ओळखण्याची बुद्धी केव्हा घडते यावर अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघा शास्त्रज्ञांनी अनेक वर्षं काम केलं, आणि १९६५ साली ते पुस्तकरूपाने आलं. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचं होईपर्यंत जे पाहतं, हुंगतं, ऐकतं, ते त्याच्या लेखी जगाचा नेहमीचा भाग होतं. त्या काळात जे भेटलंच नाही, त्याची पुढे भीती वाटते. आणि बहुतेक चावणाऱ्या कुत्र्यांच्या मुळाशी शौर्य नसतं, भीती असते. आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत पिल्लाला दाराशी बांधायची घाई होते. लसी पूर्ण व्हायच्या आहेत, बाहेर रोगराई आहे, हे खरंच आहे; पण पिल्लाला कडेवर घेऊन आठवडे बाजाराच्या कडेला पाच मिनिटं उभं राहायला, गाडीचा भोंगा आणि हातगाडीची खडखड ऐकवायला काही अडचण नसते. मोठ्या कुत्र्याचं हे शिक्षण हळू होतं, पण होतं.

याचा पुरावा पाहायला अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. पावसाळा सरला की ठेलारी आणि धनगर मेंढपाळांचे कळप आपल्या भागातून जाताना दिसतात. त्यांच्याबरोबरचे कुत्रे दिवसभर रस्ते, गावं, बसगाड्या, परकी माणसं यांच्यामधून मुकाट चालत असतात. तेच कुत्रे रात्री मेंढ्यांच्या वाड्याजवळ अनोळखी माणसाला पाऊल टाकू देत नाहीत, कारण माळावर लांडगा आहे आणि मालकाची सगळी मिळकत त्या जाळीच्या आत आहे. रोज मैलोन्‌मैल चालून हे कुत्रे मवाळ झाले, अशी तक्रार कुठल्या मेंढपाळाने केल्याचं ऐकिवात नाही. उलट काय नेहमीचं आणि काय वावगं, हे चालूनच त्यांना कळलेलं असतं.

दुसरा आक्षेप हवेचा आहे, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. नांदगाव हा अवर्षणाचा तालुका, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांना. बाकी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. त्यातून हल्ली जाड केसांचे विलायती कुत्रे खानदेशाच्या वेशीवर आणून ठेवण्याची चाल पडली आहे. हस्की पाळणाऱ्यांनी तरी मे महिन्यात आरशासमोर लोकरीचा कोट घालून पाहावा. पण यावरचं उत्तर वेळ बदलणं हे आहे, फिरणं बंद करणं नव्हे. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत आणि संध्याकाळी डांबर निवल्यावर बाहेर पडावं. तळहाताची पाठ रस्त्यावर पाच-सात सेकंद ठेववली नाही, तर कुत्र्याचे पंजेही तिथे ठेवू नयेत. पाण्याची टंचाई असेल तेव्हाही एक बाटली बरोबर न्यायला हरकत नाही. फिरवण्याने कुत्र्याची तहान वाढते ती तेवढ्यापुरतीच.

तिसरा आक्षेप मोकाट कुत्र्यांचा. पट्ट्याने धरलेला कुत्रा दिसला की गल्लीतली टोळी अंगावर येते, म्हणून फिरवणं नको. ही अडचण खरी आहे आणि लवकर संपणारीही नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा रोख रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना पुन्हा त्यांच्याच जागी सोडण्यावर आहे. तेव्हा गल्लीतले कुत्रे शेजारी म्हणूनच धरून चालावं. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने, न पळता जाणाऱ्याची त्यांना सवय होते. बिचकवतो तो घाईघाईने ओढत नेला जाणारा कुत्रा. टोळीची हद्द कुठे सुरू होते ते ओळखून रस्त्याची दुसरी बाजू धरणं यात कसली नामुष्की? आणि रेबीजची लस दरवर्षी न चुकता. एवढं करूनही कुणाला चावा किंवा ओरखडा झालाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि थेट दवाखाना गाठायचा. हळद, मिरची, चुना यांतलं काहीही तिथे लागता कामा नये.

आता फिरवायचं कसं. आपल्याकडे दोन टोकं दिसतात : एक तर कुत्रा माणसाला ओढत नेतो, किंवा माणूस कुत्र्याला. दुसऱ्या टोकाला शिस्त म्हणायची पद्धत आहे. कुत्रा खांबापाशी थांबला, हुंगायला लागला, की दिला हिसका. पण हुंगणं हा त्याच्यासाठी वेळेचा अपव्यय नाही. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख. कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या घरात. फ्रान्समधल्या शार्लोट ड्युरांटन आणि अमेरिकेतल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. पाळीव कुत्र्यांच्या एका गटाला दोन आठवडे वासाने खाऊ शोधायचा सराव दिला, दुसऱ्याला मालकाच्या पायाशी लागून चालण्याचा. मग वाटीत खाऊ असेल की नसेल हे सांगता येणार नाही अशा जागी वाटी ठेवली. नाक वापरलेले कुत्रे तिच्याकडे पूर्वीपेक्षा लवकर गेले. दुसऱ्या गटात तसा फरक पडला नाही. म्हणजे ज्यांना हुंगायला मिळालं, त्यांचा अनोळखी गोष्टीकडे पाहण्याचा कल भरवशाचा झाला. राखणदाराकडून आपल्याला हवं असतं ते हेच : अनोळखी दिसलं की लगेच बिथरायचं नाही. म्हणून अर्ध्या तासातली दहा-पंधरा मिनिटं पट्टा सैल सोडून त्याच्या नाकाच्या मागे जावं.

शिकवण्याच्या बाबतीतही छडीवरचा आपला विश्वास तपासून घ्यायला हवा. ब्रिटनमध्ये ३६४ मालकांकडून माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत कुत्र्याला बक्षिसाने शिकवलं जात होतं, तिथे तो जास्त आज्ञाधारक असल्याचं दिसलं. जिथे शिक्षेचा वापर होता तिथे आज्ञाधारकपणा वाढलेला नव्हता, उलट वर्तनाच्या तक्रारी जास्त होत्या. कुणी म्हणेल, तापट कुत्र्यालाच मार जास्त पडतो, मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता? शंका रास्त आहे. मालकांच्या सांगण्यावर आधारलेल्या पाहणीतून तिचा पक्का निकाल लागत नाही. पण माराचा फायदा कुठेच दिसला नाही, एवढं तर उरतंच. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे तीन शब्द, घरातल्या सगळ्यांनी तेच आणि तसेच उच्चारलेले, आणि भाकरीचा वाटाण्याएवढा तुकडा त्याच क्षणी. उशिरा दिलेला तुकडा कशाबद्दल मिळाला हे त्याला कळत नाही. खेळायला चेंडू आणणार असाल तर निळा आणा. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग नीट कळतात, लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. गवतात पडलेला लाल चेंडू तो डोळ्यांनी नव्हे, नाकाने शोधत असतो.

शहराबाहेर माळ आहे म्हटल्यावर तिथे कुत्रा मोकळा सोडायचा मोह होतो. इथे मी फिरवणाऱ्यांच्याच विरोधात बोलणार आहे. शेजारच्या येवला तालुक्यात ममदापूरचं काळविटांसाठी राखलेलं क्षेत्र आहे, आणि काळविटांना तालुक्याच्या सीमा माहीत नसतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत शिकार म्हणजे केवळ मारणं नाही. जनावराला हाकणं, त्याच्या मागे लागणंही तिच्यात येतं. ‘माझा कुत्रा नुसता खेळत होता’ असं मालकाला वाटतं, गाभण मादीला तसं वाटत नाही. शेळ्या-मेंढ्यांचे कळपही याच माळावर चरतात. तेव्हा हाक मारताच परत येणारा कुत्राच माळावर सोडावा, तोवर लांब दोरी बरी. पावसाळ्यानंतर कुसळी गवत वाळतं. त्याची टोकं कानात आणि बोटांच्या बेचक्यांत घुसतात आणि आत सरकत जातात. घरी आल्यावर कुसळं आणि गोचिडं काढण्यात पाच मिनिटं गेली तरी चालतील.

राहिला फोटोंचा विषय. फिरायला निघालेल्या प्रत्येकाच्या हातात आज कॅमेरा आहे, आणि कुत्र्याचे फोटो काढणं हा नसता दिखावा आहे असंही ऐकू येतं. रेल्वेच्या रुळांवर कुत्र्याला बसवून फोटो काढणाऱ्यांबाबत मला ते मान्य आहे. नांदगाव मुंबई-भुसावळ या मुख्य मार्गावर आहे, गाड्या थांबणाऱ्या कमी आणि वेगात निघून जाणाऱ्या जास्त. शिवाय रुळांवर असं जाणं रेल्वे कायद्याने गुन्हाच आहे. पण नीट काढलेला फोटो मालकाला पाहायला शिकवतो. अमेरिकन छायाचित्रकार एलियट अर्विट यांचा १९४६ सालचा न्यूयॉर्कमधला फोटो प्रसिद्ध आहे : स्वेटर घातलेलं एक चिमुकलं कुत्रं आणि शेजारी बाईचे फक्त पाय. कॅमेरा जमिनीलगत गेला आणि आपलं जग त्या कुत्र्याला केवढं दिसतं ते एकदम समोर आलं. उभ्याने, वरून काढलेल्या फोटोत कुत्र्याची पाठ मोठी आणि चेहरा लहान येतो. गुडघ्यावर बसलं की डोळे दिसतात. काळ्या कुत्र्याचा फोटो दुपारी माळावर काढला तर कॅमेरा भोवतालच्या लख्ख उजेडाचा हिशेब धरतो आणि कुत्र्याचा नुसता काळा ठिपका होतो. म्हणून सकाळचा तिरपा उजेड किंवा झाडाची सावली, फोनवर बोट कुत्र्याच्या चेहऱ्यावर, आणि उजेड थोडा वाढवून.

खाली बसून पाहू लागलं की आणखी एक गोष्ट दिसते. नॉर्वेतल्या प्रशिक्षक तुरिड रूगास यांनी अवघडलेल्या कुत्र्याच्या खुणा नोंदवून ठेवल्या आहेत : झोप आलेली नसताना जांभई, समोर खाणं नसताना ओठांवरून फिरणारी जीभ, बाजूला वळवलेलं तोंड. कॅमेऱ्याची काच त्याला रोखून पाहणाऱ्या डोळ्यासारखी वाटते, आणि फोटो काढताना या खुणा हमखास उमटतात. पुष्कळांच्या फोनमध्ये असे फोटो ‘हसरा कुत्रा’ म्हणून जपलेले असतात. तीच जांभई आणि तीच जीभ, पाहुण्यांचं मूल त्याच्या गळ्यात हात टाकतं तेव्हाही दिसते. ती ज्या मालकाला ओळखता येते, तो मुलाला आधीच बाजूला घेतो.