तोंडाचा वास आणि पोटाची तक्रार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाई म्हणाल्या, "काही उपयोगाचे बोला." मी सातवी शिकलेली, मोठ्या विषयाला हात घालणे मला जमायचे नाही. म्हणून चारचौघींत कोणी काढीत नाही असा विषय घेते. तो म्हणजे तोंडाला येणारा वास.

हा विषय हसण्यावारी नेऊ नये. माझ्या थोरल्या जाऊबाई हळदीकुंकवाला गेल्या की तोंडाशी पदर धरून दाराजवळच बसत. बायका त्यांना शिष्ट म्हणत. पण आपल्या तोंडाला वास येतो हे त्यांना कळले होते, आणि सांगणार कोणाला? लवंग, वेलदोडा सदा तोंडात. त्याने वास घटकाभर झाकतो, जात नाही.

शेवटी दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. बहुतेकांचा वास तोंडातूनच येतो, असे ते म्हणाले. किडका दात, सुजलेल्या हिरड्या, जिभेच्या मागच्या भागावरचा थर, यांत जंतू असतात. ते अन्नाचे कण कुजवतात व त्यातून गंधकाचे वायू निघतात. दात साफ झाले, तरी वास राहिला. तेव्हा पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारले, "रात्री घशाशी आंबट येते का?" येत होते.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. अन्ननळी जठराला मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. ते एरवी मिटलेले असते, म्हणून पोटातला वास सहसा वर येत नाही. पण कडे सैल पडले, किंवा भरल्या पोटी लगेच आडवे झाले, की आंबट पाणी वर चढते आणि तोंडाला वास येतो.

आता सांगा, भरल्या पोटी आडवी कोण होते? सगळ्यांची जेवणे झाली, ओटा आवरला, टाकायला नको म्हणून उरलेसुरले खाल्ले आणि अंग टाकले! औषधाबरोबर जाऊबाईंची जेवणाची वेळ बदलली. जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवले, पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. दोन महिन्यांत फरक पडला.

काहींच्या जठरात जंतूही असतात. १९८४ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर बॅरी मार्शल यांनी हे जंतू स्वतः पिऊन पाहिले. थोड्याच दिवसांत त्यांना उलट्या होऊ लागल्या व तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. जठराला सूज आली होती. पुढे २००५ साली त्यांना व रॉबिन वॉरन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे जंतू औषधाने जातात. मात्र ते डॉक्टरांनी तपासून दिलेले असावे.

उपवासाचेही तसेच. पाणी न पिता राहिले की लाळ सुकते, आणि तोंड धुण्याचे काम तर लाळच करते. पोट रिकामे राहिले की शरीर चरबी जाळते, त्याचाही वास श्वासाला येतो. उपवास जरूर करा, पण पाणी पीत जा.

रोज जीभ घासा, रात्री झोपताना दात घासा. मशेरी सोडा, तिने वास जात नाही, उलट कर्करोगाची भीती. तरीही वास राहिला तर आधी दात दाखवा, मग पोट. गिळताना त्रास, वजन घटणे, काळी शौचास होणे असे काही असेल तर एक दिवसही थांबू नका.

जाता जाता एक मागणे आहे. रात्री सगळ्यांच्या पानांबरोबर आपलेही पान मांडावे. वाढायला मुले आहेत, मुलांचे वडील आहेत. आपापले वाढून घ्यायला सगळ्यांना येते, आपण सांगत नाही एवढेच. हे एवढे प्रत्येकीने आज घरी जाऊन करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.