जुन्या जीपला कोणता टायर?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, जुनी जीप विकत घेतलेल्या माणसाला दोन प्रश्न हमखास ऐकावे लागतात. पहिला, ‘ॲव्हरेज काय देते?’ आणि दुसरा, ‘टायर कधी मोठे करणार?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण थोडे वाढवूनच सांगतात, तो विषय आपण सोडून देऊ. दुसऱ्याबद्दल मात्र आज जरा सविस्तर बोलायचे आहे. टायर मोठे केले की जीप रुबाबदार दिसते, यात वाद नाही. पण तीच जीप भर पावसात माणसे भरून वरंधा घाट उतरत असते, तेव्हा तिच्या ब्रेकवर आणि स्टिअरिंगवर काय ताण येतो, याचा विचार टायरच्या दुकानात उभे राहून फारसे कोणी करत नाही.

आधी मूळ माप पाहू. आपली जीप मूळची अमेरिकन लष्कराची. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला ६.००-१६ या मापाचे टायर होते. १९४७ मध्ये महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि हे माप आपल्याकडे रुळले. ‘सहाशे-सोळा’ म्हटले की आजही गावाकडच्या दुकानदाराला पुढे काही विचारावे लागत नाही. यातला पहिला आकडा टायरची रुंदी, म्हणजे सहा इंच. दुसरा रिमचा व्यास, सोळा इंच. मधली आडवी रेघ सांगते की टायर जुन्या क्रॉसप्लाय बांधणीचा आहे. तिथे इंग्रजी ‘आर’ असेल तर तो रेडियल. असा टायर फुगवून उभा केला की त्याची उंची साधारण ७३० मिलिमीटर भरते. हा ७३०चा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्याशीच लावायचा आहे.

नव्या टायरवरचे माप जरा वेगळ्या पद्धतीने लिहिलेले असते. उदाहरणार्थ, २३५/७५ आर १५. इथे रुंदी २३५ मिलिमीटर, टायरच्या कुशीची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम पंधरा इंचांची. २३५चे ७५ टक्के म्हणजे १७६. कूस खाली एक आणि वर एक, म्हणून दुप्पट करायची : ३५२. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. बेरीज ७३३. म्हणजे आकडे सगळे वेगळे, रिमसुद्धा एक इंचाने लहान, पण टायरची उंची जवळपास तीच! दुकानदार ‘मोठा टायर’ म्हणतो तेव्हा तो रुंद आहे की उंच आहे, हे या एका बेरजेने कळते. पाकिटाच्या पाठीवर होणारा हिशेब आहे; तो करूनच दुकानात जावे.

आता एक गंमत बघा. २०१० साली जी पहिली ‘थार’ आली, तिच्या सीआरडीई मॉडेलला २३५/७० आर १६ टायर होते. वरच्याच पद्धतीने उंची काढली तर ७३५ मिलिमीटर येते. म्हणजे महायुद्धापासून साठ-पासष्ट वर्षे या घराण्यातल्या गाडीची चाके उंचीने जवळपास तेवढीच राहिली. २०२० साली आलेल्या थारला २५५/६५ आर १८ टायर मिळाले, त्यांची उंची जवळजवळ ७९० मिलिमीटर. पण त्या वेळी गाडीच मुळापासून नवी आखली होती : चासी, सस्पेन्शन, ब्रेक, इंजिन सगळेच. तरुण मुले नवी थार बघतात आणि तेवढेच टायर आजोबांच्या जीपला लावायला निघतात. टायर बसतोही, पण बाकीची गाडी जुनीच राहते.

जीपवाल्यांच्या आवडीचे एक माप आहे, ३१ × १०.५० आर १५. उंची ३१ इंच, म्हणजे ७८७ मिलिमीटर. मूळ टायरपेक्षा साधारण आठ टक्के जास्त. या आठ टक्क्यांनी काय काय होते? काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६५ने पळत असते. जुन्या सीजे-३बी जीपच्या डिफरन्शियलचे प्रमाण ५.३८ आहे, ते जणू ५ झाले, असे इंजिनला वाटू लागते. म्हणजे चढावर तोच गिअर जड पडणार आणि जिथे दुसऱ्यावर निघायचो तिथे पहिला टाकावा लागणार. प्यूजोचे जुने डिझेल इंजिन काय किंवा विलीजचे पेट्रोल इंजिन काय, त्यांच्याकडे वाटून टाकायला शिल्लक ताकद नाही. मैदानी रस्त्यावर गाडी थोडी निवांत पळाल्यासारखी वाटेल, इतकाच फायदा.

ब्रेकची गोष्ट अधिक गंभीर आहे. जुन्या जीपचे ब्रेक ड्रमचे, विलीजच्या काळात तर ड्रम नऊ इंचांचा. चाक उंच झाले की रस्त्यापासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर वाढते आणि तेच ड्रम जास्त लांबीच्या तरफेशी झुंजू लागतात. शिवाय रुंद टायर आणि रिम वजनाने जड, त्यांना फिरते असताना थांबवणेही कठीण. पायाला आठ टक्के कदाचित जाणवणार नाहीत. लांब उतारावर तापलेल्या ड्रमला मात्र ते जाणवतात. आणि या सगळ्याच्या बदल्यात डिफरन्शियल जमिनीपासून किती वर उचलला जातो? उंचीतल्या फरकाच्या निम्मा, म्हणजे सुमारे २८ मिलिमीटर. सव्वा इंचही नाही! डिफरन्शियल वर उचलायला टायरखेरीज साधा उपाय नाही, हे मान्य. पाटे वाढवून फक्त बॉडी वर जाते, ॲक्सल जिथल्या तिथे राहतो. पण सव्वा इंचासाठी आपण काय मोजतो आहोत, ते माहीत असावे.

आता खरा प्रश्न : गाडी जाणार कुठे? इथे मला अरुंद टायरची बाजू घ्यायची आहे, कारण हल्ली त्याची उगाच टिंगल होते. मावळ-मुळशीकडच्या वाटा घ्या. वर चार-सहा बोटे चिखल आणि खाली मुरूम किंवा कातळ. अशा ठिकाणी अरुंद टायर चिखल कापत खालच्या घट्ट थराला जाऊन टेकतो आणि तिथे पकड घेतो. रुंद टायर त्याच चिखलावर तरंगत घसरतो. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर रुंदीचा फारसा उपयोग नाही. तिथे महत्त्व टायरच्या कुशीला, कारण धारदार दगड टायरला बाजूने कापतो. उंच कुशीचा, दणकट बांधणीचा टायर तिथे चालतो. कमी कुशीचा आणि मोठ्या रिमचा शहरी थाट अशा वाटेवर पहिल्याच फेरीत रिम वाकवून घेतो.

विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती हा वेगळा प्रकार. ती ओली झाली की टायरच्या नक्षीत लोण्यासारखी भरते आणि चाकाचा गुळगुळीत गोळा होतो. तिथे रुंदीपेक्षा नक्षी महत्त्वाची. ठोकळे एकमेकांपासून लांब हवेत, म्हणजे चाक फिरताना माती झटकली जाते. माती खोल असेल तर अरुंद टायरला खाली घट्ट तळ सापडतच नाही, तो नुसता रुतत जातो. पुळणीवरच्या वाळूत तर रुंद टायरचा फायदा निर्विवाद आहे. (अनेक किनाऱ्यांवर गाडी नेण्यास बंदी आहे, हे आधी विचारून घ्यावे.) पण वाळूसाठी टायर बदलण्याआधी हवा कमी करून पाहावी. तीस पौंडांची अठरा पौंड केली तरी टायर पसरून जमिनीवरचा ठसा बराच लांब होतो, आणि तो फुकट! फक्त दोन पथ्ये पाळायची. ट्यूबचा टायर असेल तर हवा फार उतरवू नये; टायरच्या आत रिम सरकते आणि ट्यूबचा वॉल्व्ह उपटला जातो. आणि डांबरीवर येताच हवा पुन्हा भरायची.

म्हणून मला विचाराल तर जुन्या जीपला दोनच मापे आधी तपासावीत. गाव, शेत आणि घाट असा वापर असेल तर मूळ सहाशे-सोळा. डांबरी रस्ता जास्त असेल तर २३५/७५ आर १५ रेडियल. उंची तीच, त्यामुळे काटा, गिअर, ब्रेक यांचे गणित बिघडत नाही आणि ओल्या रस्त्यावर गाडी जास्त विश्वासाने वळते. साडेसात इंची ७.५०-१६ टायर काही जण घालतात. तो उंच आणि अरुंद, म्हणून चिखलात झकास. पण उंची ८०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ब्रेकचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. एकतीस इंची टायर हवाच असेल तर आधी ब्रेकचे काम, मग टायर. हा क्रम उलटा करू नये.

टायर ठरला की रिम. सहाशे-सोळाची मूळ रिम साडेचार इंच रुंद. २३५च्या टायरला किमान सहा इंच लागते, साडेदहा इंची टायरला सात ते नऊ. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला तर तो मध्ये फुगतो, कडेने टेकत नाही आणि वळणावर डुलतो. जुन्या जीपच्या चाकाला पाच बोल्ट, त्यांच्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. मारुती जिप्सीचाही तोच, म्हणून जुन्या बाजारात रिम मिळायला अडचण नाही. पण बोल्ट जुळले म्हणजे रिम जुळली असे नव्हे. मधले भोक हबवर बसते का आणि रिम बाहेर किती येते, हेही बघायला हवे. रिम फार बाहेर आली तर बेअरिंगवर ताण येतो आणि प्रत्येक खड्ड्याला स्टिअरिंग हातातून सुटू बघते. फार आत गेली तर टायर पाट्याला घासतो. मग लोक मध्ये चकत्या घालून चाक बाहेर ढकलतात; तो उद्योग मला मुळीच मान्य नाही. आणि रिम लोखंडीच बरी. वाकली तर ठोकून सरळ होते, अलॉय तडकते.

खेड्यातल्या श्रोत्यांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. सहाशे-सोळा हेच माप ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचेही आहे. तो टायर जीपच्या रिमवर बसतो, म्हणून कुणी कुणी बसवतातही. पण ट्रॅक्टरच्या टायरवर वेगाचे चिन्ह ‘ए ६’ किंवा ‘ए ८’ असते. त्याचा अर्थ ताशी तीस किंवा चाळीस किलोमीटर. साठच्या वेगात तो तापतो आणि फुटतो. पुढचे चाक फुटलेली, माणसांनी भरलेली जीप कुठे जाईल ते सांगता येत नाही. विकत घेताना माप वाचून झाले तरी हे चिन्ह आणि भाराचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

जीप फोर-व्हील असेल तर चारही टायर एकाच मापाचे, एकाच बांधणीचे आणि झिजही सारखी असलेले हवेत. पुढे नवे, मागे गुळगुळीत असे केले तर पुढची चाके एक वेग मागतात, मागची दुसरा, आणि मध्ये ट्रान्सफर केस पिळवटते. स्टेपनीही त्याच मापाची. रेडियल आणि क्रॉसप्लाय एका ॲक्सलवर कधीही नकोत.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. मडगार्डबाहेर डोकावणारा टायर तिथे अडचणीत आणतो, आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्वेअरच्याही तो आधी नजरेत भरतो.

टायर घेताना बाजूला ठसवलेला चार आकड्यांचा शिक्का वाचावा. ३५२३ असेल तर तो २०२३च्या पस्तिसाव्या आठवड्यातला. जीप कमी चालते, त्यामुळे नक्षी झिजण्याआधी रबरच म्हातारे होते. कुशीवर बारीक भेगा दिसल्या की नक्षी कितीही खोल असो, तो टायर बाद.

बसवून झाल्यावर पुढचे एक चाक मोठ्या दगडावर चढवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवावे. टायर पाट्याला, मडगार्डला किंवा ब्रेकच्या होजपाइपला लागतो का, ते तिथेच कळते. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत. आणि जुन्या जीपच्या डाव्या चाकांवर नट आवळताना जरा थांबावे : विलीजच्या पठडीतल्या अनेक गाड्यांमध्ये त्या बाजूचे आटे उलटे असतात. बोल्टच्या टोकावर इंग्रजी ‘एल’ कोरलेले दिसले, तर पान्हा नेहमीच्या उलट दिशेला फिरवायचा. हे नव्या पंक्चरवाल्याला ठाऊक नसते. तो नट सैल करायच्या नादात पान्ह्यावर उभा राहून तो अधिकच आवळत जातो, आणि शेवटी बोल्ट मोडतो.