खजुरीचे झाड



रोमन बादशहांच्या सोन्यारुप्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. परंतु रोजच्या बाजारात भाकरीवाल्याच्या हातावर पडे ते काशा-पितळेचे नाणे. सामान्य माणसाच्या मनावर रोमला जे ठसवायचे होते, ते तेथेच पाहावे.

त्यांतले एकच चित्र आज घेतो. इ. स. 70 मध्ये रोमन फौजेने जेरुसलेम घेतले आणि यहुद्यांचे मंदिर जाळले. पुढच्याच वर्षी व्हेस्पासियन बादशहाची ‘सेस्टर्शियस’ ही दोन तोळ्यांची ठसठशीत नाणी निघाली. एका अंगास बादशहाचे जाड मानेचे, टकलाकडे झुकलेले डोके. रोमन कारागीर फारशी खुशामत करीत नसे, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे. दुसऱ्या अंगास खजुरीचे झाड. जेरिकोचा खजूर तेव्हा नामांकित होता. झाड म्हणजे तो देशच. त्याखाली डोक्याला हात लावून बसलेली स्त्री, शेजारी कोठे भाला घेतलेला बादशहा, तर कोठे हात मागे बांधलेला कैदी. भोवती अक्षरे : ‘ज्यूडिया जिंकली’. अक्षरशत्रूलाही अर्थ कळावा, अशी ही योजना!

आणि हे नाणे नुसते पाहायचे नव्हते. मंदिराला जाणारी यहुद्यांची वर्गणी आता रोममधील ज्युपिटरच्या देवळासाठी कर म्हणून वसूल होऊ लागली. माणशी दोन दिनार, म्हणजे आठ सेस्टर्शियस. आपल्याच पराभवाचे चित्र मोजून द्यायचे!

इ. स. 96 मध्ये नर्व्हा बादशहाने तेच झाड पुन्हा छापले. स्त्री नाही, कैदी नाही. या करापायी होणाऱ्या खोट्या फिर्यादी बंद केल्या, असे त्यावर लिहिले. कर मात्र राहिला.

पुढे इ. स. 132 मध्ये बार कोखबाने हेड्रियनविरुद्ध बंड उभारले. बंडवाल्यांनी चलनातलीच नाणी घेतली आणि त्यांवर आपला ठसा मारला. काशाच्या नाण्यावर एकीकडे द्राक्षवेलीचे पान, दुसरीकडे सात फांद्यांची खजुरी. तिच्याखाली आता कोणी रडत बसलेले नाही. अक्षरे रोजच्या वापरातून गेलेल्या जुन्या हिब्रू लिपीतली : ‘इस्राएलच्या मुक्तीचे पहिले वर्ष’. घण मात्र नेहमीच नीट बसला नाही. काही नाण्यांवर नव्या अक्षरांच्या आडून बादशहाच्या चेहऱ्याची रेघ अजून दिसते.

इ. स. 135 मध्ये बंड मोडले. मृत समुद्राकडच्या उजाड डोंगरांत ज्या गुहांत माणसे लपली होती, तेथे ही नाणी सापडली आहेत.