विमापत्राची शाकारणी



मृगापूर्वी घर शाकारावे, फुटकी कौले बदलावी, ही आपल्या वाडवडिलांची रीत. पाऊस सुरू झाल्यावर छपरावर चढण्यात शहाणपण नाही, हे त्यांना ठाऊक होते. घराच्या विमापत्राचीही अशीच दरसाल शाकारणी करावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांतील घरे पाण्याने खाल्ली. २००५ साली मुंबई, २०१९ साली सांगली-कोल्हापूर, २०२१ साली चिपळूण आणि महाड! संकट आपल्या दारी येणार नाही, या समजुतीवर विसंबणे बरे नव्हे.

विमा घेतलेलाच नाही, असे अनेकजण आहेत. परंतु ज्यांनी घेतला आहे, त्यांनी तरी तो पुन्हा वाचला आहे काय? पहिला प्रश्न रकमेचा. विमा जागेच्या बाजारभावाचा नसतो, घर पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा असतो. जमीन काही जळत नाही. समजा, आठशे चौरस फुटांचे घर दीड हजारांच्या दराने बारा लाखांस उतरविले. आज तोच दर अडीच हजार झाला, तर खर्च वीस लाख होतो. अशा वेळी पाच लाखांचे नुकसान झाले, तर जुन्या प्रमाणाच्या कलमानुसार हाती तीनच लाख येत. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना देणे बंधनकारक झालेल्या 'भारत गृह रक्षा' विमापत्रात ही कपात नाही. मात्र घर समूळ गेले, तर भरपाई विमा रकमेच्या मर्यादेतच मिळते! दीर्घ मुदतीच्या विमापत्रात रक्कम दरसाल दहा टक्क्यांनी आपोआप वाढते. एक वर्षाचे असेल, तर ती आपणच वाढवून घ्यावी. चटई क्षेत्रफळ मात्र खरेच लिहावे.

दुसरा प्रश्न सामानाचा. या विमापत्रात घराच्या विमा रकमेच्या वीस टक्के, पण कमाल दहा लाखांपर्यंत, घरसामान धरलेले असते. दागिने त्यात येत नाहीत. ते वेगळे नोंदवावे लागतात. रोकड तर मुळीच येत नाही. चोरीविषयी तर मोठाच गैरसमज आहे: पूर, आग अशा आपत्तीनंतर सात दिवसांत झालेलीच चोरी यात मोडते. एरवीच्या घरफोडीसाठी निराळा विमा हवा.

तिसरा प्रश्न 'आमच्या सोसायटीने विमा घेतला आहे' असे म्हणून निर्धास्त होणाऱ्यांसाठी. सोसायटीचा विमा सामान्यतः इमारतीचा असतो; आपल्या कपाटाचा, भांड्याकुंड्यांचा नव्हे. कर्ज देणाऱ्या बँकेने उतरविलेला विमाही बहुधा इमारतीपुरताच. तो काढून वाचावा. वडील वारले, पण विमापत्र त्यांच्याच नावावर राहिले. माळ्यावर खोली चढविली, किंवा पुढल्या खोलीत दुकान थाटले, तर कंपनीस लेखी कळवावे.

शेवटी एक साधी गोष्ट. पूर कपाट नेतो, तेव्हा कपाटातले विमापत्रही नेतो. त्याची एक प्रत आणि सामानाची छायाचित्रे परगावच्या आप्ताकडे ठेवा. आज घरी गेल्यावर दिवा मालवण्यापूर्वी ते विमापत्र शोधा. ते सापडले नाही, तर शाकारणीस तेथूनच आरंभ करा.