अर्जावरील तिसरा रकाना

(नाशिक येथे शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



सभेच्या प्रारंभी 'बंधूंनो आणि भगिनींनो' असे संबोधण्याची आपली जुनी रीत आहे. या दोन्ही शब्दांत न बसणारी माणसेही आपल्या समाजात आहेत. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ४०,८९१ व्यक्तींची नोंद 'इतर' अशी झाली. त्यांतील कोणी कामासाठी आपल्या कचेरीत आल्यास आपले वर्तन कसे असावे, एवढाच आजचा विषय आहे.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१९ च्या अधिनियमाने नोकरीत व बढतीत त्यांच्याबाबत भेदभाव करण्यास मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेवर तक्रार अधिकारी नेमण्याचे बंधन घातले. तथापि, कायदा राजपत्रात छापला जातो. नागरिकाला त्याचा प्रत्यय येतो तो कचेरीतील टेबलाशीच.

आपल्याच महसूल विभागातील उदाहरण घ्या. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक येथे श्रीमती अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव जागेवर ग्रामपंचायतीचा अर्ज भरला. छाननीत तो फेटाळण्यात आला. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांना निवडणूक लढविण्याची मुभा दिली आणि त्याच महिन्यात गावाने त्यांना निवडून दिले. गावाची अडचण नव्हती. अडचण कागदाची होती. २०२२ च्या पोलीस भरतीतही अर्जावर तिसरा पर्याय आला, तो उच्च न्यायालयाने बजावल्यानंतरच.

जे न्यायालयाने करावयास लावले, ते कचेरीला आपण होऊन करता येते. सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला सरपंच केले. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने २०२२ मध्ये तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतले.

एक गोष्ट ध्यानी ठेवावी. स्वतःला ना स्त्री ना पुरुष मानणारी व्यक्ती पेहरावावरून ओळखू येईलच असे नाही. ती आपल्या शेजारच्या टेबलावरील लिपिक असेल किंवा शाळेतील शिक्षकही असेल. तिची चौकशी वा थट्टा करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिने सांगितलेले नाव वापरावे, प्रसाधनगृहाची सोय तिच्याशी बोलून ठरवावी आणि तिच्या कामाचे मोजमाप इतरांप्रमाणेच करावे.

येथे आपली मराठी साहाय्याला येते. 'तो आला', 'ती आली' असे म्हणताना लिंग ठरवावे लागते. 'आपण केव्हा आलात?' असे विचारताना ते ठरवावे लागत नाही. आदर तेवढा व्यक्त होतो.

या सभेतून परतल्यावर प्रत्येकाने आपल्या कार्यालयातील अर्जांचे नमुने एकदा काढून पाहावेत. जेथे दोनच रकाने असतील, तेथे तिसऱ्यासाठी वरिष्ठांकडे लेखी प्रस्ताव पाठवावा, एवढीच विनंती.