तपासणाऱ्यांचं स्वागत

संमेलनाचे अध्यक्ष, व्यासपीठावरचे मान्यवर, गावोगावहून आलेले मुक्त स्रोत चळवळीतले कार्यकर्ते, आणि ‘हे नक्की कशाचं संमेलन आहे हो?’ असं विचारत का होईना, पण वेळेवर येऊन बसलेले माझे नगरकर बंधुभगिनी,

आपलं मनापासून स्वागत. २०२४ पासून आपला जिल्हा अहिल्यानगर झाला आहे. माझ्यासारख्या जुन्या माणसाच्या तोंडी मधूनच नगर येईल, तेवढं चालवून घ्या. स्वागताध्यक्षानं गावाचा मोठेपणा सांगावा आणि जेवणाची वेळ सांगावी, अशी रीत आहे. जेवण एक वाजता आहे आणि शिपी आमटी आहे. मोठेपणाचं मात्र मी जरा आडबाजूनं सांगणार आहे.

आपल्याच जिल्ह्यात नेवासे आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी तिथं गीतेवरचं भाष्य सांगितलं आणि सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतलं. हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पाहुणे आले की आपण त्यांना पैस खांब दाखवायला नेतो. पुढची गोष्ट सांगायला मात्र विसरतो. पोथीच्या नकला होत गेल्या, नकलेची नकल झाली. लिहिणाऱ्याला एखादा शब्द कळला नाही, त्यानं ओळखीचा घातला. कुठं ओवी गळली, कुठं एखाद्याला राहवलं नाही म्हणून त्यानं पदरची घुसवली. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. वर बजावून ठेवलं की यात कुणी आपली ओवी मिसळू नये. एकनाथांना स्वतःचं लिहायला काय कमी होतं? भागवत, भारुडं, भावार्थरामायण, एवढा मोठा संसार त्यांचा. तरी त्यांनी दुसऱ्याच्या ग्रंथातला काना-मात्रा पाहण्यात वेळ घातला. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथांच्याही आधीची म्हणून निराळीच प्रत छापली. तो वाद विद्वानांनी घालावा. आपल्या घरात पारायणाला बसते ती ज्ञानेश्वरी बहुतेक एकनाथांच्या तपासणीतून आलेली आहे.

मी छापखानेवाला माणूस, त्यामुळे माझा जीव एकनाथांच्या या दुसऱ्या गोष्टीत जास्त अडकतो. प्रूफ वाचणाऱ्याचं नाव पुस्तकावर येत नाही. चूक राहिली तर मात्र सगळ्यांना त्याचं नाव बरोबर आठवतं.

आता तुमच्या विषयाकडे येतो. मुक्त स्रोत, म्हणजे कुणीही उघडून पाहावं आणि सुधारावं असं खुलं काम, म्हटलं की आपली माणसं लगेच हात जोडतात, ‘आम्हाला ते प्रोग्रॅमिंग येत नाही.’ १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं लिनक्स या संगणकप्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. आज तुमच्या खिशातला अँड्रॉइड फोन त्याच गाभ्यावर चालतो. त्यात जगभरच्या प्रोग्रॅमरांनी भर घातली हे खरंच. पण असल्या कामात कुणी नुसतं ‘हे बटण दाबलं की बंद पडतं’ एवढं नीट लिहून कळवतो, कुणी सूचनांचं भाषांतर करतो, कुणी नवख्याला वापर शिकवतो. त्यांच्याशिवाय गाडा चालत नाही.

आणि मराठीत तर प्रोग्रॅमरांपेक्षा प्रूफवाल्यांचीच वानवा आहे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला, आता लेख लाखाच्या आसपास आहेत. त्याचं भावंड म्हणजे विकिस्रोत, आणि आज मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी आपल्या देशात प्रताधिकार संपतो, म्हणजे ते लेखन सगळ्यांचं होतं. असं जुनं पुस्तक स्कॅन करून तिथं चढवतात. यंत्र ते वाचून अक्षरं काढतं. मग एका बाजूला पानाचं चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर, आणि समोर तुम्ही. कुणी न तपासलेलं पान लाल दिसतं. एकानं तपासलं की पिवळं होतं. दुसऱ्या माणसानं पुन्हा तपासलं की हिरवं. पिवळं करणाऱ्यालाच ते हिरवं करता येत नाही, हा नियम मला फार आवडला. छापखान्यात आम्ही हे जीव तोडून सांगायचो आणि घाईच्या दिवसांत पहिले आम्हीच मोडायचो.

यंत्र चुकतं कुठं, तेही सांगतो. ‘वाऱ्यावर’मधला अर्धा र त्याला दिसत नाही, ते ‘वार्यावर’ वाचतं. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ त्याला सारखेच, दरी आणि समुद्र एक करून टाकतं. जुन्या पुस्तकातले झिजलेले खिळे असतील तर ‘घ’ आणि ‘ध’ एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. हे सुधारायला संगणकाची पदवी लागत नाही. चांगलं मराठी वाचणारा मास्तर लागतो, नाहीतर दुपारी दोन तास मोकळी असलेली आजी.

काम घरचंच आहे. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली याच शहरात निघालं. रेव्हरंड ना. वा. टिळकांची कर्मभूमी हीच, आणि त्यांच्या आसऱ्याला बालकवी ठोंबरे इथं राहून गेले. बालकवी १९१८ साली गेले, टिळक १९१९ साली. दोघांचंही हयातीत छापलेलं लेखन केव्हाच आपल्या सगळ्यांचं झालेलं आहे. त्याला कपाटात वाळवी खात असेल तर दोष आता कायद्याचा नाही.

दुसरं काम आवाजाचं. मोझिलाचा कॉमन व्हॉइस नावाचा प्रकल्प आहे, त्यात मराठीही आहे. पडद्यावर एक वाक्य येतं, ते तुम्ही वाचायचं. इतरांनी ऐकून बरोबर की चूक सांगायचं. त्यातून जमलेला साठा वापरून यंत्राला मराठी ऐकायला शिकवता येतं. अकोले तालुक्याच्या डोंगरातली ठाकर बाई, पाथर्डीचा ऊसतोड कामगार, श्रीरामपूरची दुकानदारीण यांचे आवाज त्यात नसतील तर उद्या सरकारी दवाखान्यातलं बोलणारं यंत्र त्यांना ‘पुन्हा सांगा’ म्हणत राहील.

इथं एक शंका येते आणि ती रास्त आहे. परवा एका शेतकरी मित्रानं विचारली : आम्ही फुकट राबायचं आणि मोठ्या कंपन्यांनी त्यावर पैसे करायचे? आवाजाचा साठा धंद्यासाठी वापरू नये अशी अट नाही, कंपन्या तो वापरतील, हे मी लपवणार नाही. पण तो साठा संगमनेरच्या इंजिनिअरिंगच्या पोरीलाही तितकाच उघडा आहे. कंपन्या पैसे मोजून स्वतःचा साठा करतील आणि कुलूप लावून ठेवतील. न देऊन नुकसान त्या पोरीचं होईल, कंपनीचं नाही. विकिपीडियाचं तर त्याहून कडक आहे : घ्या, बदला, विका, पण बदललेलं पुन्हा त्याच अटीवर सगळ्यांना खुलं ठेवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे गावरान बियाणं देतात ते दुप्पट परत करण्याच्या बोलीवर. परवान्याचं कलम मला वकिलानं समजावलं तेव्हा कळलं नव्हतं, राहीबाईंची बोली आठवली तेव्हा कळलं.

एक तक्रारही करून ठेवतो, कारण आज कार्यकर्ते समोर सापडले आहेत. नवीन माणूस पहिल्यांदा काही लिहितो आणि पाच मिनिटांत कुणीतरी ते ‘संदर्भ नाही’ म्हणून उडवतं. उडवणाऱ्याचं चुकत नाही, पण तो माणूस पुन्हा येत नाही. उडवण्याआधी दोन ओळी लिहा : संदर्भ कसा द्यायचा, कुठं द्यायचा. एवढं सौजन्य मी या जिल्ह्यातल्या शाळामास्तरांच्या वतीनं मागतो.

बाजूच्या दालनात संगणक मांडले आहेत. एका जुन्या पुस्तकाची पानं उघडून ठेवली आहेत, सगळी लाल आहेत. ज्यांना देवनागरी टंकता येत नाही त्यांच्या शेजारी बसायला कॉलेजची मुलं आहेत, आणि ज्या मुलांना जुन्या मराठीतले शब्द अडतील त्यांच्या शेजारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची मंडळी आहेत. चहा दालनात आणू नये, ही विनंती संगणकाच्या मालकांची आहे. अध्यक्षमहोदय, आपलं पुन्हा एकदा स्वागत, आणि आता व्यासपीठ आपलं.